मंगल कार्यालयातला स्नेअर

आमच्या मेटल बँडने चार गाण्यांचं ईपी, म्हणजे छोटा अल्बम, करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांचे मिळून २२ हजार रुपये जमले होते, त्यातले ९ हजार माइक आणि आठ इनपुटचं इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) भाड्याने आणण्यात गेले आणि मिक्सिंग मी करायचं ठरलं, कारण मी फुकट होतो. मी गिटार वाजवतो. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडता येतं आणि यूट्यूबवर लोकांना मिक्स करताना बघितलंय एवढीच माझी लायकी होती, पण बँडमधल्या बाकी तिघांची तेवढीही नव्हती.

ड्रम्स रेकॉर्ड केले पुण्यात धायरीतल्या आमच्या जॅमपॅडमध्ये. जॅमपॅड म्हणजे बेसिस्टच्या काकांच्या गोडाउनमधली १० बाय १२ ची खोली, वर पत्रा, भिंतींना गोधड्या. जूनचा शेवटचा आठवडा. पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की जणू दुसराच ड्रमर आलाय, मग थांबायचं, चहा, परत सेट करायचं. लांबवताही येत नव्हतं, कारण आमचा ड्रमर पथकात ताशा वाजवतो आणि जुलैपासून त्याच्या संध्याकाळी नदीपात्रात सराव, गणपती होईपर्यंत तो कोणाचाच नाही. त्यामुळे तीन दिवसांत चार गाणी कशीबशी उरकली. वाजवलं त्याने भारी, ते आधीच सांगतो, पुढे जे काही झालं त्यात त्याची चूक शून्य.

घरी येऊन ट्रॅक ऐकले. नुसते ड्रम्स ऐकताना ठीक वाटलं. मग गिटार लावल्या, चार ट्रॅक, दोन डावीकडे दोन उजवीकडे, सगळ्या खालच्या बी सुराला ट्यून केलेल्या, आणि ड्रम्स गायब! म्हणजे झांजा होत्या, त्यांना कोण मारणार, पण किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्याला लाथ मारतंय, आणि स्नेअर (काड्यांनी वाजवायचा कडक आवाजाचा छोटा ड्रम) फक्त गिटार थांबली की ऐकू यायचा. मेटलमध्ये हा मूळचा प्रॉब्लेम आहे. डिस्टॉर्शनवाली गिटार खालपासून वरपर्यंत सगळी जागा खाते आणि थांबतच नाही, तिला चढउतार असा प्रकार नसतो, त्यामुळे ड्रमला आत शिरायला फट लागते ती मिळत नाही. रॉकमध्ये, जॅझमध्ये किकचा गुबगुबीत आवाज छान वाटतो, इथे तो बेस आणि गिटारच्या चिखलात बुडतो आणि वर राहतो फक्त बीटर, म्हणजे किकच्या पेडलचा हातोडा, कातड्याला लागल्याचा टक्. तो टक् असेल तरच किक आहे हे कळतं.

मग मी काय केलं, तो टक् ईक्यूने, म्हणजे आवाजाचा हवा तो भाग कमीजास्त करून, वाढवायला गेलो. ५ किलोहर्ट्झच्या आसपास किक वर उचलली, तर किकबरोबर किकच्या माइकमध्ये शिरलेली क्रॅश झांजही उचलली गेली. स्नेअरला धार द्यायला गेलो तर शेजारची हायहॅट झांज कानात शिरली. छोटी खोली, बुटकं छत, सगळं सगळ्या माइकमध्ये घुसलेलं, एकाला हात लावला की चौघं ओरडतात. ३०० हर्ट्झ कापलं तर खोक्याचा आवाज कमी झाला पण त्याबरोबर किकचा जीवही गेला. एक जुनी आयडिया कुठेतरी वाचलेली की बीटर जिथे लागतो तिथे कातड्यावर नाणं चिकटवायचं म्हणजे टक् येतो, म्हणून आम्ही पाच रुपयांचं नाणं टेपने लावून एक टेक परत घेतला. टक् आला, खरंच आला, पण दुसऱ्या गाण्याच्या मध्यात नाणं उडालं आणि नंतरचा आवाज टेपचा.

तर शेवटी सॅम्पल्सकडे आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ड्रमरने मारलेल्या प्रत्येक फटक्याच्या जागी किंवा त्याच्या जोडीला आधीच चांगल्या स्टुडिओत चांगल्या माइकने रेकॉर्ड केलेला एक फटका वाजवायचा. वाजवणं त्याचं, वेळ त्याची, आवाज दुसऱ्याचा. यासाठी विकतचे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आहेत, स्लेटचं ट्रिगर वगैरे, आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून रीपरमध्ये जे फुकट बरोबर येतं त्यावर भागवलं. रीगेट नावाचा गेट आहे, त्याला किकचा ट्रॅक द्यायचा, आवाज ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की गेट उघडतो आणि उघडताना एक मिडी नोट, म्हणजे 'आता वाजव' असा इशारा, पाठवतो, ती नोट पुढे रीसॅम्प्लोमॅटिक नावाच्या सॅम्पलरला जाते (नाव बघा काय ठेवलंय) आणि तो फटका वाजवतो. गेटला कान कुठल्या भागाकडे द्यायचे तेही सांगता येतं, म्हणजे किकसाठी फक्त खालचे सूर ऐक, झांजेकडे दुर्लक्ष कर, नाहीतर प्रत्येक क्रॅशला एक भुताची किक वाजते.

एक फुकटचा पॅक उतरवला, त्यातली एक किक, एक स्नेअर लावला. रात्रीचे दोन वाजलेले. प्ले दाबलं आणि काय सांगू, पाच मिनिटांपूर्वी जे गोडाउनमध्ये वाजत होतं ते एकदम मेटलवाल्यांच्या स्वीडनमध्ये वाजायला लागलं. मी एकटाच खुर्चीत बसून मान हलवतोय. मूळ ट्रॅक सरळ बंद करून टाकले, शंभर टक्के सॅम्पल, आणि ग्रुपवर टाकून झोपलो.

सकाळी आई म्हणाली, "रात्री ते टायपिंग इन्स्टिट्यूटसारखं काय चाललेलं रे?"

आणि ती बरोबर होती हो. स्पीकरवर सकाळच्या कानांनी ऐकलं तर टकटकटकटकटक. आमच्या पहिल्या गाण्याचा वेग २१० बीपीएम, म्हणजे मिनिटाला २१० बीट, दोन्ही पायांनी सिक्स्टीन्थ, म्हणजे एका बीटमध्ये चार ठोके, वाजवल्या की दोन ठोक्यांत ७१ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे सेकंदाला चौदा किक, आणि त्या चौदाच्या चौदा तंतोतंत एकच फाइल. माणसाच्या पायाने हे होऊच शकत नाही, दोन फटके कधीच एकसारखे पडत नाहीत, कान हे लगेच पकडतो, कारण सांगता येत नसलं तरी. इंग्रजीत याला मशीनगन म्हणतात, पण आईचं टायपिंग जास्त बरोबर आहे. स्नेअरची कथा वेगळी. आमचा ड्रमर मोठ्या फटक्यांच्या मध्ये हलके हलके बारीक फटके मारतो, घोस्ट नोट्स, ताशामुळे त्याच्या हाताला ती सवयच आहे, आणि गेटने त्यातले अर्धे ऐकलेच नाहीत आणि उरलेले ऐकले ते पूर्ण ताकदीने वाजवले. कुजबुजणाऱ्या माणसाला माइकवर बोंब मारायला लावल्यासारखं.

संध्याकाळी तो घरी आला, ऐकलं, हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले. म्हणाला, "छान आहे. पण हा मी नाहीये."

मी म्हटलं, "अरे वाजवलंयस तूच ना, एक नोट हलवली नाही मी."

"भावा, मग मला तीन दिवस पत्र्याखाली कशाला बसवलं, लॅपटॉपलाच सांगायचं ना."

मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. मेशुगा या स्वीडिश मेटल बँडचा २००५ चा अल्बम, कॅच थर्टीथ्री, त्यावर अख्खे ड्रम्स कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम केलेले आहेत, त्यांचा ड्रमर टोमास हाके खुर्चीवर बसून वाजवलेलं त्यात काही नाही, आणि हाके म्हणजे आमच्या ड्रमरचा देव, त्याच्या मोबाइलवर वॉलपेपर तोच होता. म्हटलं तुझा देव चालवून घेतो आणि तुला त्रास. तर तो शांतपणे म्हणाला, "ड्रमकिट फ्रॉम हेलचे सॅम्पल्स आहेत ना ते? ते हाकेनेच मारलेत. स्वतःचेच हात आहेत त्याचे. माझे कुठेत यात?"

बरोबर होतं राव. टूनट्रॅक कंपनीच्या त्या सॅम्पल्ससाठी ड्रम्स हाकेनेच वाजवलेले, ते मलाही माहीत होतं, पण त्याचा असा अर्थ मी कधी लावला नव्हता. भांडण सॅम्पलचं नव्हतंच. मी थोडा वेळ गप्प बसलो आणि म्हटलं, मग तुझेच फटके घेऊ.

आता त्याचेच फटके घ्यायचे तर त्याच पत्र्याखाली घेऊन काय फायदा, खोलीच वाईट होती. मोठी जागा पाहिजे, उंच छताची, जिथे स्नेअर मारला की आवाज जाऊन परत येईल. असे स्टुडिओ मुंबईत असतीलही, पण त्यांचं एका दिवसाचं भाडं देणं आम्हाला परवडणार नव्हतं. तेव्हा बेसिस्ट म्हणाला, माझ्या आत्याच्या सासरच्यांचं मंगल कार्यालय आहे सिंहगड रोडला. आषाढ चाललेला, लग्नाच्या तिथ्या नाहीत, हॉल रिकामा. ही आमच्या ईपीमधली सर्वात मोठी अक्कल आणि ती मिक्सिंगवाल्याला सुचली नाही, हे लिहून ठेवतो.

तिथल्या मॅनेजर काकांना नीट सांगितलेलं नसावं. आम्ही ड्रमकिट उतरवायला लागलो तसे ते बाहेर आले.

"संगीत का? कोणाचं लग्नय?"

"नाही काका, लग्न नाही. फक्त ड्रम वाजवून बघायचाय. रेकॉर्डिंग आहे."

"बघायचाय म्हणजे? किती वेळ?"

"चार तास."

काकांनी स्टेजकडे बघितलं, ड्रमकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवणाच्या हॉलचे दिवे लावू नका. वेगळा मीटर आहे."

स्नेअरवर एसएम ५७ माइक, किकमध्ये डी ११२ माइक, वर दोन कंडेन्सर माइक, आणि दोन माइक लांब, वधूवर बसतात त्या स्टेजवर, ड्रमपासून साधारण ३० फुटांवर. सगळे पंखे बंद, वॉटर कूलर बंद, जुलैच्या दमट दुपारी. आणि मग काम सुरू, जे बघायला जगात सर्वात कंटाळवाणं आहे. एक फटका मारायचा. थांबायचं. हॉलमधला आवाज पूर्ण मरेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा, हलायचं नाही, स्टूल कुरकुरला की तो गेला. मग दुसरा. स्नेअर चार जोरांत: हळू, मध्यम, जोरात आणि जीव खाऊन, प्रत्येकाचे दहा. किकचे तीन जोर आणि प्रत्येक जोरात उजवा पाय वेगळा, डावा पाय वेगळा. हे डाव्या पायाचं मी कुठे वाचलं नव्हतं, पण त्याचा डावा थोडा मऊ पडतो आणि आवाजही जरा बुटका येतो, आणि तो मऊपणा म्हणजेच तो, असं मला वाटलं. टॉम्स, म्हणजे किटमधले बाकीचे ड्रम, तीन. काका दाराशी खुर्ची टाकून अर्धा तास ऐकत होते, मग विचारलं, "एवढंच वाजवायचं? मग गाणं कधी सुरू होणार?" आणि उठून गेले.

घरी येऊन कापाकापी, दोन रात्री. प्रत्येक फटका सुरुवातीला टोकावर कापायचा, आधी शांतता अजिबात नको, अर्धा मिलिसेकंदही नको. लांबचे माइक मात्र जवळच्या माइकच्याच रेषेवर कापायचे, त्यांचा स्वतःचा आवाज उशिरा सुरू होत असला तरी. ३० फूट म्हणजे जवळपास २७ मिलिसेकंद, आवाजाला तिथे पोचायला लागणारा तो वेळ म्हणजेच तर हॉल. पहिल्या रात्री मी तो नीटनेटकेपणाने कापून टाकला आणि मग हॉल एवढा चपटा का वाटतोय म्हणून डोकं खाजवत बसलो.

यावेळी मूळ ट्रॅक बंद केले नाहीत. मूळ आवाज खाली, सॅम्पल वर जोडीला. गेटवर भरवसा न ठेवता त्याने काढलेल्या मिडी नोट्स मी स्वतः तपासल्या, मूळ लाटेची उंची बघून प्रत्येक नोटचा जोर हाताने लावला, किकमध्ये उजवा डावा वेगळा केला. घोस्ट नोट्सना सॅम्पल लावलंच नाही, ते जसे त्याने मारले तसेच. सॅम्पलरला सांगितलं की एका जोराचे सहा फटके आळीपाळीने वाजव, सातव्याला परत पहिला.

आणि प्ले दाबलं तर किक गायब. च्यायला. सॅम्पल एकटं वाजवलं तर भक्कम, मूळ किक एकटी वाजवली तर ठीकठाक, दोन्ही एकत्र केले की खालचा सगळा भाग उडून जातो, किक पोकळ. इथे माझा आठवडा गेला. गोष्ट एवढीच असते की आवाज ही लाट आहे, एक लाट स्पीकरला पुढे ढकलत असताना दुसरी त्याच क्षणी मागे ओढत असली तर दोघी मिळून शून्य. पहिला उपाय सोपा, सॅम्पलची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लाट उलटी फिरवून बघणं, एक बटण आहे, मी ते दाबलं आणि किक परत आली, मी नाचलो, आणि पुढच्या ओळीत ती परत गेली. काही फटके जाड, काही पातळ.

कारण सापडायला वेळ लागला पण सापडल्यावर मजा वाटली. गेट उघडतो तो आवाज रेषेच्या वर गेल्यावर. जोरदार फटका रेषेवर झटकन चढतो, हलका फटका सावकाश चढतो, म्हणजे हलक्या फटक्याची नोट थोडी उशिरा निघते. थोडी म्हणजे एखाददोन मिलिसेकंद, ऐकून उशीर कळणारच नाही, पण लाटा जुळायला तेवढं फार झालं, ४८ किलोहर्ट्झला एक मिलिसेकंद म्हणजे डिजिटल आवाजाचे ४८ बारीक ठिपके, इकडची लाट तिकडे. म्हणून सगळा ट्रॅक एकदम सरकवून उपयोग नव्हता, प्रत्येक फटक्याचा उशीर निराळा होता. शेवटी सॅम्पलचा ट्रॅक ऑडिओत प्रिंट केला, म्हणजे नोट्सऐवजी लाटेची फाइल बनवली, मूळ किकच्या खाली ठेवला, पूर्ण झूम करून पहिला उंचवटा पहिल्या उंचवट्याखाली आणत गेलो. पहिल्या गाण्यात किकचे अठराशेच्या आसपास ठोके आहेत. हो, सगळे. ऑफिसवरून आल्यावर रोज दोन तास, बाहेरून पथकांच्या सरावाचा आवाज, आणि मी इकडे धान्य निवडल्यासारखा किक निवडतोय. पैसे असते तर हे काम विकतचं प्लगइन बरंचसं करतं हे नंतर कळलं. असू दे.

स्नेअरचं लवकर जमलं. तिथे सॅम्पलचा खरा फायदा कळला, सॅम्पलमध्ये हायहॅट नाही ना, मग वरची धार सगळी सॅम्पलमधून घ्यायची, हवी तेवढी वाढवायची, आणि मूळ स्नेअरला हातही लावायचा नाही, तो फक्त माणूस म्हणून तिथे असतो. प्रमाण किती विचाराल तर स्नेअरला निम्मं निम्मं, किकला सॅम्पल जास्त, टॉमला जवळजवळ सगळं सॅम्पल कारण टॉमच्या माइकमध्ये झांजांशिवाय काही नव्हतंच. स्नेअरच्या आवाजावरून लोक काय भांडतील सांगता येत नाही, मेटालिकाच्या २००३ च्या अल्बमवरच्या स्नेअरला लोक अजून शिव्या घालतात, त्यामुळे इथे मी आकडे सांगत नाही.

हॉलचे माइक ही खरी चैन होती. पण ते सगळीकडे लावता येत नाहीत. हॉलचा आवाज मरायला दोनेक सेकंद लागतात आणि ब्लास्टबीटमध्ये, म्हणजे सुसाट सलग ठोक्यांत, त्या दोन सेकंदांत पुढचे डझनभर स्नेअर येऊन आदळतात, सगळ्याचा मिळून नुसता गोंगाट. म्हणून वेगाच्या भागात हॉल पूर्ण खाली, आणि गाणं जिथे अर्ध्या वेगावर येतं, ब्रेकडाउनला, तिथे फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर. तिथे तो स्नेअर पडतो तेव्हा अख्खं मंगल कार्यालय उभं राहतं हो डोळ्यांसमोर, झुंबरासकट.

ड्रमरला बोलावलं. त्याने हेडफोन लावले, पाय आपोआप हलायला लागले, डावाही. ब्रेकडाउनला त्याने डोळे मिटले आणि मला वाटलं चला, जिंकलो. डोळे उघडून म्हणाला, "हे मधेमधे टिण् काय वाजतंय?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. परत लावलं. वाजत होतं. स्नेअरच्या मागे, लांब कुठेतरी, टिण्. आम्ही राइड झांजेवर संशय घेतला, मग गिटारच्या तारेवर, मग मी एकेक प्लगइन बंद करत बसलो. तो बोटं मोजत होता. म्हणाला, "दर सहाव्याला येतंय."

सहा म्हटल्यावर ट्यूब पेटली. जीव खाऊन मारलेल्या सहा फटक्यांपैकी एका फटक्यात होतं ते. फाइल उघडून एकटी वाजवली: स्नेअर, हॉल, हॉल मरत चाललाय, आणि स्वयंपाकघराच्या बाजूने फरशीवर पडलेला झारा. केटररची माणसं त्या दिवशी मागे भांडी लावत होती हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच नव्हतं. आम्ही श्वास रोखून बसलेलो, पण ते थोडेच बसणार होते.

तो फटका काढून टाकला, आता पाचच आहेत आळीपाळीने. चौथ्या गाण्याच्या शेवटी सगळं एकदम थांबतं आणि एकच स्नेअर पडतो, तिथे मात्र ड्रमर म्हणाला तोच ठेव. डावीकडच्या कानात आहे, जरा उशिरा येतो.